काळ्या कागदाची पाकिटं

आमच्या मेहरुणच्या गल्लीत मंदाबाईएवढी सरळ बाई दुसरी नाही. दूधवाल्याने मापात फेस जास्त घातला तर ती पातेलं ओट्यावर ठेवते आणि फेस बसेपर्यंत त्याला उभा करते. अशा बाईने दोन वर्षं लबाडी केली आणि ती लबाडी शिकली माझ्याकडून. ही गोष्ट तीन दिवस मला एकटीला माहीत होती आणि मी कुणालाही सांगितली नाही. घरच्यांना वाटलं माझा घसा बसलाय. सुनेने हळद-दूध आणून दिलं, ते मी प्यायले.

मंदाबाई आमच्या भिंतीपलीकडे राहते. नवरा बन्सीलाल एसटीत कंडक्टर, जळगाव-धुळे गाडीवर. ती एका ट्रस्टच्या दवाखान्यात सिस्टर. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, म्हणून मी तिला मंदे म्हणते आणि ती मला अक्का. बाकी जग मला बेबाबाई म्हणतं, पाठीमागे आणखी काय म्हणतं ते मला माहीत आहे.

सायकल ती पस्तिसाव्या वर्षी शिकली, मेहरुणच्या तलावाकाठी. पहिल्या आठवड्यात दोनदा गाळात गेली आणि एकदा नूर महंमदच्या बोरांच्या हातगाडीत. तो बिचारा बोरं वेचता वेचता म्हणाला, "बाई, ब्रेक नावाची पण एक चीज असते." गुडघा फुटला होता. मी म्हटलं, "मंदे, रिक्षा कर, नवऱ्याला दोन पैसे सुटू देत." तर म्हणे, "शिकायला घेतलंय ना आता." आठव्या दिवशी हँडलला डबा लावून ड्यूटीवर गेली. ही बाई हातात घेतलेलं सोडत नाही, एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तिची ड्यूटी चार खाटांच्या एका खोलीत. बाहेर बोर्ड 'अतिदक्षता विभाग'. आत श्वासाचं एकच यंत्र, ते वर्षातले सहा महिने दुरुस्तीला. यंत्र नसलं की पेशंटच्या घशात नळी घालून तिला रबरी फुगा जोडायचा आणि तो हाताने दाबत बसायचं, एक माणूस दमला की दुसरा. कोपऱ्यात एक्स-रे बघायची पेटी, आतून पांढरा दिवा लागणारी. ही पेटीही लक्षात ठेवा.

श्रावण लागला, कपाशीवर फवारणी सुरू झाली की ती खोली भरायची. पाठीवर गळका पंप, वारा तोंडावर, औषधाच्या हातानेच विडी ओढायची, तंबाखू मळायची. संध्याकाळपर्यंत माणूस आडवा. तोंडातून फेस, अंगाला घामाच्या धारा, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, छातीत डबक्यासारखं पाणी. मग श्वास थांबतो. यावर ॲट्रोपीनचं इंजेक्शन चालतं, हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. किती आणि कसं द्यायचं, यावर मात्र जेवढे डॉक्टर तेवढी मतं.

नव्वद साली तिथे डॉक्टर नासीर आले. भूल देणारे डॉक्टर. आपल्याकडे सर्जनच्या गळ्यात हार पडतो, भुलीच्या डॉक्टरचं नावही पेशंटला माहीत नसतं, बेशुद्धच असतो ना तो! पण यांचं उलटंच होतं. धंदा माणसं झोपवायचा आणि ध्यास झोपलेल्यांना उठवायचा. त्यांनी ठरवलं की फवारणीच्या पेशंटवर दोन पद्धती तपासून बघायच्या. एक जुनी, घड्याळाची. दर अर्ध्या तासाला ठरलेलं इंजेक्शन. दुसरी थेंबांची. छाती कोरडी होईपर्यंत मात्रा भराभर वाढवत न्यायची आणि मग सलाइनमधून थेंब थेंब चालू ठेवायची. सिस्टरने दर दहा मिनिटांनी छाती ऐकायची, बाहुली बघायची, नाडी धरायची आणि थेंब कमीजास्त करायचे. जास्त झालं तर पेशंट बरळतो, चादरी ओढतो, म्हणून डोळा लागता कामा नये. दोन्हीकडे एक सवलत होती, पेशंट अगदीच ढासळला तर डॉक्टर काहीही करायला मोकळे.

कुठल्या पेशंटला कुठली पद्धत, हे ठरवायला पाकिटं होती. धुळ्याला नासीर डॉक्टरांचे गुरू होते, जीवराम सर. त्यांनी नंबर घातलेली खाकी पाकिटं पाठवली. आत चिठ्ठी. अ म्हणजे घड्याळ, ब म्हणजे थेंब. क्रम सरांच्या कपाटात कुलपात. पेशंट आला की नातेवाइकांना समजावून अंगठा घ्यायचा आणि पुढच्या नंबरचं पाकीट फोडायचं.

मंदाने पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, यातली चांगली कुठली?"

"ठाऊक नाही, सिस्टर."

"तुम्हाला ठाऊक नाही?"

"मला नाही, धुळ्याच्या सरांना नाही. ठाऊक असतं तर पाकिटं कशाला पाठवली असती त्यांनी?"

ती घरी येऊन मला म्हणाली, "अक्का, एवढा शिकलेला माणूस, तोंडावर सांगतो ठाऊक नाही!"

"नवीन आहे गं," मी म्हटलं. "पाच वर्षांनी त्यालाही सगळं ठाऊक असेल."

आता माझ्या भिशीबद्दल सांगते. आम्हा बारा जणींची भांड्यांची भिशी. दर महिन्याला एक स्टीलचं भांडं, बारा चिठ्ठ्या, जिचं नाव निघेल तिचं भांडं. पण आमच्यात रीत अशी की एखादीच्या घरी लग्न असलं किंवा नवा संसार मांडायचा असला, तर जिचं नाव निघालं तिने चिठ्ठी सोडायची आणि गरजवंतीला द्यायची. बायका हौसेने सोडतात असं नाही. म्हणून मी, भिशीची म्होरकी, गरजवंतीच्या चिठ्ठीचा कोपरा आधीच जरा दुमडून ठेवायचे आणि उचलताना बरोबर तीच उचलायचे. हे फक्त मंदाने हेरलं. मी म्हटलं, "मंदे, देवाला डोळे आहेत, पण बोटं नाहीत. ती मी पुरवते." ती हसली आणि तिच्या डोक्यात ते जाऊन बसलं. तेव्हा मला हे कळलं नाही.

ब्याण्णव सालच्या चैत्रात आम्ही गच्चीवर बिबडे घालत होतो. ज्वारीचं शिजवलेलं पीठ ओल्या कापडावर पातळ थापायचं, ऊन चढायच्या आत आटपायचं. मंदाच्या हाताखालून जे उतरत होतं ते बघून मी म्हटलं, "मंदे, बिबडा थापतेस की गोवरी?"

तिने आणखी एक गोवरी थापली. मग हात तसाच पिठात ठेवून म्हणाली, "अक्का, मी तुमच्या भिशीसारखं केलं."

"काय केलंस?"

"पाकिटांचं."

आणि मग सगळं बाहेर आलं. पहिल्याच हंगामात असोद्याचा पितांबर नावाचा मजूर आला होता, ओठ निळे, श्वास बंद. पाकीट ब निघालं. थेंब लागले, आणि चौथ्या दिवशी तो उठून म्हणाला, घरचं भरीत आणा. तेव्हापासून मंदाची खात्री पटली, ब म्हणजे जीव. पुढच्या वेळी असाच एक निळा पडलेला आला, तेव्हा तिने पाकीट फोडायच्या आधी एक्स-रेच्या पेटीवर धरलं. खाकी कागद पातळ, आतलं अक्षर स्वच्छ दिसलं, अ. तिने ते मागे सारलं, पुढचं धरलं. ब. तेच फोडलं. कागदोपत्री नंबर वरखाली केले. मग ती सवयच झाली. जो आला तेव्हाच निम्मा गेलेला असायचा त्याला ब. जो डोळे उघडून पाणी मागायचा, त्याला राहिलेलं अ.

"गरजवंताला द्यायचं," ती म्हणाली. "रीतच ना आपली?"

"मग झालं काय त्यात? पुण्यच केलंस."

"अक्का, तुम्हाला समजत नाहीये." तिने पीठ झटकलं. "काल सरांनी दोन्ही हंगामांचं मांडून बघितलं. शेहेचाळीस पेशंट. घड्याळवाल्यांत चार गेले, थेंबवाल्यांत दहा. सर डोकं धरून बसले. म्हणाले, सिस्टर, मी चुकलो, थेंबांनी माणसं जास्त मरतात. सोमवारी धुळ्याला जाऊन सांगतो, थेंब बंद."

माझ्या डोक्यात तरीही प्रकाश पडेना. ती वैतागली. "अहो, मरायला टेकलेले सगळे मीच एका बाजूला रचले! मग मरणार त्याच बाजूला ना? पद्धत वाईट म्हणून नाही, पेशंट वाईट म्हणून. आणि हे मला एकटीलाच ठाऊक आहे."

आता मात्र समजलं. हातातलं कापड माझ्या पायावर पडलं.

मग मी जे बोलले ते शेजारधर्माला धरून होतं. म्हटलं, "गप बस. कुणाला कळणार आहे? नोकरी जाईल, सिस्टरकीचा कागद जाईल. बन्सीलालच्या एकट्याच्या पगारात पोरीचं कॉलेज व्हायचं नाही."

"कुणाला कळणार नाही, ते खरंय."

"मग?"

"मग श्रावणात फवारणीवाले येतील. थेंब बंद झालेले असतील. घशात नळी घातलेला माणूस समोर असेल आणि मी अर्धा तास व्हायची वाट बघत घड्याळाकडे बघत बसेन. पुढच्या वर्षीही. त्याच्या पुढच्या वर्षीही." तिने पातेल्याच्या कडेचं पीठ बोटाने निपटलं. "सोमवारी मी पण जाणार धुळ्याला. सरांच्या गुरूंसमोरच सांगते, दोनदा सांगायला नको."

सोमवारी सकाळची गाडी बन्सीलालचीच होती. मीही चढले. धुळ्याला माझी मावससासू आजारी आहे, असं मी घरी सांगितलं. ती आजारी असतेच, त्यामुळे खोटं म्हणता येणार नाही.

बन्सीलालला मंदाने आदल्या दिवशी सांगितलं होतं. एरवी हा माणूस गाडीत तोंड मिटत नाही. त्या दिवशी तिकिटं फाडत होता आणि एकेका तिकिटाला बायकोकडे बघत होता. एरंडोल गेलं. पारोळ्याचा किल्ला दिसू लागला तसा तो आमच्या बाकाशी येऊन वाकला.

"मंदा, इथून परतीची गाडी लगेच मिळते."

"अहो, लोक चढायचेत अजून."

"मी काय म्हणतो, चिठ्ठी लिहून पाठवली तर? नाव न घालता."

"नाव न घालता सरांना कळेल कसं, कुठली पाकिटं?"

"तुझ्या डोक्यात एकदा शिरलं ना..."

"बेल मारा," मंदा म्हणाली. "ड्रायव्हर मागे बघतोय."

त्याने बेल मारली. जरा जोरातच मारली. मी खिडकीतून माझ्या माहेरच्या रस्त्याकडे बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच मला नवरा-बायकोच्या बोलण्यात तोंड घालावंसं वाटलं नाही.

धुळ्याला जीवराम सरांची खोली लांबट आणि फायलींनी भरलेली. मी बाहेरच्या बाकावर बसले. दार लोटलेलं होतं, पण माझा पाय चुकून फटीत राहिला, त्यामुळे ते पुरतं लागलं नाही.

नासीर डॉक्टर कागद पसरून बसले होते. मंदाला बघून म्हणाले, "सिस्टर? तुम्ही इथे?"

मंदा उभ्यानेच बोलली. पेटी, पाकिटं, पितांबर, सगळं. भिशीही सांगितली. माझं नाव घेतलं नाही, 'आमच्या गल्लीतल्या एक आहेत' एवढंच म्हणाली. मला जरा वाईटच वाटलं.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज.

"दोन वर्षं!" नासीर डॉक्टर. "सिस्टर, दोन वर्षं मी एकेका पेशंटजवळ बसलोय. तुम्ही बघितलंय मला! एकदा विचारायचं तरी."

"विचारलं होतं, सर. तुम्ही म्हणालात ठाऊक नाही. मला वाटलं, मला ठाऊक आहे."

"बसा, नासीर," हा म्हाताऱ्याचा आवाज. शांत. "बाई, किती पाकिटं फिरवली?"

"एकतीस."

"बाकीची पंधरा नीट?"

"नीटच. पण सर, आता त्या नीटवरही कुणी विश्वास ठेवू नये."

"बरोबर. सगळीच रद्द." कागद गोळा केल्याचा आवाज आला. "ट्रस्टला मला कळवावं लागेल."

"कळवा. पण पहिल्यापासून सुरू करा, सर. थेंब बंद करू नका. चालूही करू नका. परत तपासा."

"आणि पाकिटं कोण फोडणार?"

"मी."

नासीर डॉक्टर हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं. "तुम्ही?"

"दुसरी सिस्टर ठेवलीत तर निळा पडलेला पेशंट बघून तिलाही दया येईल, सर. माझी दया करून झालीय. तिचं काय होतं ते मी बघितलंय."

म्हातारा खोकला की हसला, मला फटीतून दिसलं नाही. मग म्हणाला, "पाकिटं जरा जाड कागदाची करावी लागतील."

"कागद मी आणते," मंदा म्हणाली.

तो कागद तिने दवाखान्याच्या एक्स-रे खोलीतून मिळवला. फिल्म ज्या काळ्या कागदात गुंडाळून येते ना, तो. सूर्यासमोर धरला तरी आरपार काही दिसत नाही. शंभरएक कागद जमवून, इस्त्री करून तिने धुळ्याला पाठवले. तिथे जीवराम सरांनी नवीन क्रम लावून, त्याच कागदात चिठ्ठ्या गुंडाळून, चिकटवून पाकिटं परत पाठवली. वर एक नियम घातला. पाकिटाचा नंबर आधी पेशंटच्या कागदावर शाईने लिहायचा, खाली सही करायची, मगच पाकीट फाडायचं.

ट्रस्टने तिला चार महिने ड्रेसिंगच्या खोलीत टाकलं, वर एक कडक पत्र दिलं. पत्र तिने देव्हाऱ्यामागे ठेवलं. श्रावणात पेशंट वाढले तेव्हा परत चार खाटांच्या खोलीत घेतलं, कारण फुग्याचा हात तिच्याएवढा कुणाचा नव्हता. नासीर डॉक्टर महिनाभर तिच्याशी 'कापूस द्या' आणि 'नळी धरा' याशिवाय बोलले नाहीत. तीही 'हो सर' यापलीकडे गेली नाही. पण दर दहा मिनिटांनी छाती ऐकायची, अ असो की ब. लिहायचं, सही करायची. हंगाम संपेपर्यंत तिच्या मधल्या बोटाला शाईचा डाग कायमचा बसला. मी म्हटलं, "मंदे, मतदान रोज करतेस की काय?"

त्र्याण्णवचा भादवा होता. दुपारी मी चिवडा परतत होते, तेवढ्यात दवाखान्यातला शिपाई सायकल मारत आला. माझा धाकटा भाऊ भाईदास फवारणी करताना शेतात पडला होता. आमचं गाव पारोळ्याकडे. तिथून धुळे जवळ, पण बहीण जळगावात आहे, ती सगळं बघेल, म्हणून जीप जळगावकडे वळवली. आमच्या लोकांचा हिशेब असाच. पारोळ्याला एक इंजेक्शन टोचून घेतलं होतं, म्हणून तो तेवढा तरी पोचला.

मी पोचले तेव्हा त्याच्या घशात नळी होती. चेहरा राखेसारखा. त्याची बायको इंदिराबाई भिंतीला टेकून बसली होती, तिच्या अंगठ्याला निळी शाई. म्हणजे मंदाने सगळं समजावून अंगठा घेऊन झाला होता. आणि मंदा टेबलाशी उभी, समोर भाईदासचा कागद, डाव्या हातात काळं पाकीट.

मी तिचा हात धरला. "मंदे, ब काढ."

"अक्का, हात सोडा."

"तुला माहितीये गं चांगलं काय ते! तूच म्हणाली होतीस. पितांबर उठून बसला होता."

"तेव्हा वाटलं होतं. ठाऊक नव्हतं. अजून नाही."

"माझा भाऊ आहे तो!"

"मला दिसतंय." तिने माझी बोटं मनगटावरून सोडवली. "वहिनींनी हो म्हटलंय. त्यांना नको असेल तर आत्ता सांगावं, मी कागद फाडून टाकते, सर त्यांच्या मनाने उपचार करतील. पण पाकीट निवडून मिळणार नाही. कुणालाच नाही."

मी इंदिराबाईकडे बघितलं. मला वाटलं, ती माझ्या बाजूने बोलेल. तर ती माझी भावजय, जी बत्तीस वर्षांत माझ्यापुढे मान वर करून बोलली नव्हती, म्हणाली, "बेबाबाई, तुमी जराखा उग्या बसा. त्या करतीन ना त्यास्नं काम."

मंदाने नंबर लिहिला. सही केली. पाकीट फाडलं.

अ.

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. भिशीत तुला पहिलं पातेलं मी दिलं होतं, इथपर्यंत गेले. तिने ऐकून घेतलं, घड्याळ बघितलं, पहिलं इंजेक्शन दिलं. यंत्र दुरुस्तीला गेलेलंच होतं. मग तिने फुगा माझ्या हातात ठेवला.

"अक्का, तुम्ही श्वास घ्याल तेव्हा दाबा. सोडाल तेव्हा सोडा. बोलू नका, बोललात की ताल चुकतो."

मला गप्प बसवायची ही युक्ती आजवर कुणाला सुचली नव्हती. मी, इंदिराबाई, तिचा भाऊ, बन्सीलाल ड्यूटीवरून उतरला की तो, असे पाळीपाळीने दाबत होतो. दर अर्ध्या तासाला इंजेक्शन. मधल्या वेळात मंदा छाती ऐकायची, नळीतून पाणी ओढून काढायची, कूस बदलायची. दुसऱ्या दिवशी छाती परत भरली, नासीर डॉक्टरांनी नियमातली सवलत वापरली, मात्रा वाढवली आणि 'वाढवली' असं कागदावर लिहिलं. सातव्या दिवशी भाईदासने बोट हलवलं. अकराव्या दिवशी नळी निघाली. पहिला शब्द विडी. इंदिराबाईने त्याला तिथल्या तिथे झोडपलं असतं, मंदाने आवरलं.

भाऊ वाचला, तरी मी दिवाळीपर्यंत मंदाशी बोलले नाही. अकरा दिवसांच्या जागी पाच लागले असते, हे माझ्या मनातून जाईना. एका महिन्याच्या भिशीत तिची चिठ्ठी टाकलीच नाही. तिला कळलं. दिवाळीला तिने भिंतीवरून चकल्यांचं ताट दिलं, आणि चकल्या इतक्या कडक की ते सांगायला मला बोलावंच लागलं.

पंच्याण्णवच्या फाल्गुनात नासीर डॉक्टर स्कूटरवरून गल्लीत आले. नव्या पाकिटांचा तिसरा हंगाम संपून हिशेब लागला होता. एकाहत्तर पेशंट, काळी पाकिटं, एकही नंबर खालीवर नाही. थेंबवाल्यांत पाच गेले, घड्याळवाल्यांत तेरा. फुग्याचे दिवसही थेंबवाल्यांचे जवळजवळ निम्मे. मी ओट्यावर होते, म्हणजे मंदाच्या आधी मलाच कळलं.

ते मंदाला म्हणाले, "सिस्टर, आता ठाऊक आहे."

मंदा दारात हात पुसत उभी. "नक्की, सर?"

"सरांनी दोनदा तपासलं. या खोलीपुरतं तरी नक्की. आजपासून आपल्याकडे सगळ्यांना थेंब." मग जरा चाचरत म्हणाले, "लेखात लिहावं लागेल की पहिले दोन हंगाम रद्द केले, पाकिटांचा क्रम वॉर्डात बदलला गेला म्हणून. तुमचं नाव घालणार नाही."

"क्रम कुणी बदलला ते नको, पण कसा बदलला ते लिहा," मंदा म्हणाली. "दिव्याची पेटी लिहा. दुसऱ्या गावातही असेल की एखादी पेटी. आणि एखादी मंदा."

तो कागद कुठल्या तरी डॉक्टरी मासिकात छापून आला. नासीर डॉक्टरांनी एक प्रत तिला दिली, ती तिने देव्हाऱ्यामागे त्या कडक पत्राशेजारी ठेवली.

गेल्या आठवड्यात भाईदास भरताची वांगी घेऊन आला होता. विडी सोडलीय म्हणतो. तंबाखू वाढवलीय, ते इंदिराबाईने सांगितलं. ओट्यावर बसून मंदाला म्हणाला, "मंदाबाई, खरं सांगा, माले कोनती चिठ्ठी उनी व्हती?"

"अ आली होती, भाऊ."

"म्हंजे माले हारेल गाडीमा बसाडं तुम्ही?"

"तेव्हा कुठली गाडी हरणार ते ठाऊक नव्हतं."

"तरी बी पोची गऊ ना!" त्याने मांडीवर थाप मारली. मग आपल्या जगण्याने अ उगाच चांगला ठरला असेल, हे डोक्यात येऊन म्हणाला, "पन मी जगनू म्हनीसन तुमना अ चांगला दिसना व्हई. मी मरी जातू ते डॉक्टरनं काम लवकर व्हई जातं?"

"बस गप," मी म्हटलं. "मेलास तरी तुझी बडबड मोजावी लागली असती."

तो गेल्यावर मंदा सायकलीत हवा भरायला वाकली. ड्यूटीची वेळ झाली होती. दोन वर्षं घशात अडकलेला प्रश्न मी तेव्हा विचारला. "मंदे, त्या दिवशी पाकीट फाडताना तुला काय वाटत होतं गं?"

ती पंप मारत राहिली. "ब निघावं असं वाटत होतं. फार वाटत होतं. नंबर लिहिताना पेन हलत होतं, बघितलं नाहीत तुम्ही?"

"मी तुला शिव्या देत होते, कुठे बघू?"

"कागद आहे अजून फाइलीत. एकोणचाळीस नंबर. नऊवर शाई पसरलीय." तिने चाक दाबून बघितलं, पंप भिंतीला टेकवला. "पण लिहिलाय आधीच. सही पण आधी आहे."

आणि सायकलवर बसून गेली. वळणावर नूर महंमदने आपली गाडी जरा आत ओढून घेतली. तो अजून विसरलेला नाही.

भिशीच्या चिठ्ठ्या आता मंदा काळ्या कागदात गुंडाळून आणते. कोपरा दुमडला तरी बोटाला लागत नाही. ज्या बाईला खरंच गरज असते तिने ती तोंडाने सांगायची आणि बाकीच्यांनी तोंडाने हो म्हणायचं, असं ठरलंय. कटकटीचं काम आहे, चहा दोनदा करावा लागतो. गेल्या महिन्यात माझ्या भाचीच्या लग्नासाठी मी भांडं मागितलं, तर अकरा जणींतल्या तिघी नाही म्हणाल्या, माझ्या तोंडावर! मंदाने नावं लिहून घेतली आणि खाली सही केली.